नाणेफेक आणि नात्यांचा तास

आठवी-नववीच्या मुलांसाठी ‘वयात येताना’ किंवा अशाच नावाचा कार्यक्रम बहुतेक शाळांत कधी ना कधी होतो. बाहेरून एखाद्या डॉक्टर किंवा समुपदेशक बाई येतात, दोन तास बोलतात, मुलांकडून निनावी चिठ्ठ्या मागवून प्रश्नांना उत्तरे देतात. शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले जातात. कार्यक्रम आवडला का? उपयोगी वाटला का? बहुतेक मुले ‘हो’वर खूण करतात. कागदांचा गठ्ठा कपाटात जातो आणि वार्षिक अहवालात ‘कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडला’ असे एक वाक्य येते.

पार पडला हे खरेच. पण यशस्वी झाला हे कशावरून? मैत्री, प्रेम, नकार, मत्सर, भांडण यांविषयी मुलांशी शाळेत बोलले तर त्यांची पुढची नाती खरोखर सुधारतात का, त्यांचे मन अधिक निरोगी राहते का, हा प्रश्न अभिप्रायाच्या कागदावर सुटणारा नाही. तो सोडवण्याची एक रीत गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत हळूहळू घडत गेली. तिचा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे, कारण त्यातल्या काही निष्कर्षांचा रोख थेट शिक्षकांकडेच आहे.

सुरुवात बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्यापासून करता येईल. हे हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे आणि पुढे सामाजिक नीतिशास्त्राचेही प्राध्यापक होते. १९०५ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजसेविकेची नेमणूक केली. अमेरिकेतील रुग्णालयीन समाजकार्याचा आरंभ तिथे झाला असे मानतात. त्यांचा दुसरा उद्योग मात्र सहकाऱ्यांना फारसा रुचणारा नव्हता. रुग्ण जिवंत असताना केलेले निदान आणि शवविच्छेदनात प्रत्यक्ष आढळलेला आजार हे दोन्ही ते शेजारी शेजारी मांडून पाहत. १९१२ साली त्यांनी तीन हजार शवविच्छेदनांचा असा पडताळा प्रसिद्ध केला आणि नामवंत रुग्णालयातही कितीतरी निदाने चुकतात हे आकड्यांनिशी दाखवले. हाच माणूस १९३१ साली समाजसेवकांच्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याने आपल्या श्रोत्यांना विचारले की, तुम्ही इतक्या लोकांना मदत करता, पण त्या मदतीचा उपयोग होतो की नाही हे तपासता का?

दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न कॅबट यांनी स्वतःलाही लावला. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या कारखानदारीच्या, गरीब वस्तीच्या गावांतील मुलगे त्यांनी निवडले. मुलाच्या आयुष्यात घराबाहेरचा एक समंजस, प्रेमळ प्रौढ माणूस वर्षानुवर्षे टिकून राहिला तर तो मुलगा वाईट मार्गाला लागणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. वय, घरची स्थिती, स्वभाव, शेजार हे सारे पाहून मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. मग प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवले गेले. एकाला मार्गदर्शक मिळाला. दुसऱ्याच्या आयुष्यात कोणी ढवळाढवळ केली नाही, फक्त त्याची नोंद ठेवली. शेवटपर्यंत टिकलेल्या जोड्या होत्या २५३, म्हणजे ५०६ मुलगे.

१९३९ साली भेटी सुरू झाल्या आणि त्याच वर्षी कॅबट वारले. मार्गदर्शक सरासरी महिन्यातून दोनदा मुलाला भेटत, त्याच्या घरी जात, घरातल्या अडचणी समजून घेत. निम्म्या मुलांना अभ्यासात मदत मिळाली, शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत मिळाली, कित्येकांना उन्हाळी शिबिरांना पाठवले गेले. १९४५ साली प्रकल्प संपला. एका मुलाला सरासरी साडेपाच वर्षे ही सोबत लाभली. आजच्या दोन तासांच्या व्याख्यानाशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने या मुलांचा, म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीत आलेल्या माणसांचा, शोध घेतला. ५०६ पैकी ४८० जणांचा ठावठिकाणा लागला. १९७८ साली तिने निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्या गटात दुसऱ्यांदा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. दारूच्या व्यसनाची लक्षणे अधिक होती, गंभीर मानसिक आजार अधिक होते, ताणाशी संबंधित आजार अधिक होते. त्यांच्यात जे मरण पावले होते ते तुलनेने लवकर गेले होते. नोकऱ्या कमी प्रतिष्ठेच्या होत्या आणि कामातले समाधानही कमी होते. मदत मिळालेला गट सरस ठरला असे एकही माप निघाले नाही.

आणि तरीही, ‘त्या प्रकल्पाचा तुम्हाला उपयोग झाला का?’ असे विचारल्यावर मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश माणसांनी ‘हो’ म्हटले! काहींनी तर आपल्या मार्गदर्शकाची मोठ्या आपुलकीने आठवण काढली. नाणे उडवून बाजूला ठेवलेले ते दुसरे २५३ मुलगे नसते, तर हा प्रकल्प आजही एक यशस्वी उपक्रम म्हणून सांगितला गेला असता. अभिप्रायाचा कागद आणि तुलनागट यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

असे का झाले याचा एक धागा पुढे मॅककॉर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांना मिळाला. एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांचे सर्वात अधिक बिघडले होते. आडवळणाला जाऊ पाहणारी मुले एकत्र आणली की ती मार्गदर्शकांकडून शिकण्याऐवजी एकमेकांकडून शिकतात, असा त्याचा अर्थ १९९९ साली त्यांनी लावला. हे वाचताना आपल्याकडच्या ‘त्रासदायक मुलांचा खास वर्ग’ या कल्पनेची आठवण होते.

हा प्रयोग बालगुन्हेगारीविषयीचा होता. नाती कशी असावीत हे त्यात कोणी शिकवले नव्हते. तो विषय शाळेत यायला आणखी बराच काळ जावा लागला. १९८१ साली जेम्स मेकपीस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन तरुण-तरुणींना त्यांच्या प्रेमसंबंधांतील मारहाणीविषयी विचारले. सुमारे पाचांतल्या एकाने असा अनुभव घेतला होता. तोवर मारहाण ही लग्नानंतरची गोष्ट समजली जाई. ती लग्नाआधी सुरू होते असे दिसल्यावर, मग ती सुरू होण्याच्या वयातच काही शिकवावे, हा विचार ओघानेच आला.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका ग्रामीण जिल्ह्यात १९९४ साली व्हँजी फॉशी आणि सहकाऱ्यांनी ‘सेफ डेट्स’ हा कार्यक्रम चौदा शाळांत तपासायला घेतला. आठवी-नववीचे सुमारे १९०० विद्यार्थी त्यात होते. पाऊण पाऊण तासाचे दहा तास, विद्यार्थ्यांनीच बसवलेले एक नाटक आणि भित्तिचित्रांची स्पर्धा असे त्याचे स्वरूप होते.

इथे तंत्राची एक गोष्ट सांगायला हवी. नाणे कोणासाठी उडवायचे? एका वर्गातल्या निम्म्या मुलांना तास दिला आणि निम्म्यांना दिला नाही, तर मधल्या सुट्टीत सगळे सगळ्यांना कळणार. म्हणून नाणे मुलांसाठी न उडवता शाळांसाठी उडवतात. फॉशी यांनी शाळांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतली एक शाळा चिठ्ठीने निवडली. पण मग १९०० मुले म्हणजे १९०० स्वतंत्र नमुने राहत नाहीत, कारण एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. आमच्या प्रयोगशाळेत एकाच झाडाची शंभर पाने मोजून ‘शंभर नमुने घेतले’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला परत बागेत पाठवतात, त्यातलाच हा प्रकार. चौदा शाळा म्हणजे चौदा झाडे. शिक्षणातल्या पुष्कळ जुन्या ‘चाचण्या’ या एकाच कसोटीवर बाद होतात.

एका महिन्यानंतर तपासले तेव्हा कार्यक्रमाच्या शाळांत जोडीदाराला मानसिक त्रास देण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि लैंगिक बळजबरीचे सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघाले. संशोधक आनंदले असतील. एका वर्षानंतर पुन्हा तपासले, तर वागण्यातला फरक नाहीसा झाला होता! विचारांतला फरक मात्र शिल्लक होता. मारहाण समर्थनीय नाही हे मत, भांडण मिटवण्याची कौशल्ये, मदत कुठे मिळते याची माहिती, या गोष्टी टिकल्या होत्या. चार वर्षांनी मूळ मुलांपैकी एका भागाचा मागोवा घेतला, तेव्हा वागण्यातला फरक पुन्हा दिसू लागला. शारीरिक आणि लैंगिक हिंसेची काही मापे निम्म्याहून खाली आली होती. २००४ साली हे प्रसिद्ध झाले.

पहिल्याच महिन्यात थांबले असते तर ‘उत्तम’, वर्षाने थांबले असते तर ‘वाया’, चार वर्षांनी ‘उपयोगी’. चाचणी कधी करायची यावर तिचा निकाल इतका अवलंबून असेल, तर एकाच तारखेच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. चौदा वर्षांच्या मुलाला मिळालेली शिकवण तो खरोखर कोणाच्या तरी प्रेमात पडेपर्यंत वापरलीच जाणार नाही, हे त्याचे साधे कारण असू शकेल. हा माझा अंदाज आहे.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड वुल्फ यांनी हाच विषय नेहमीच्या शिक्षकांच्या हाती दिला. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘फोर्थ आर’. इंग्रजीत वाचन, लेखन आणि गणित यांना शालेय शिक्षणाचे तीन ‘आर’ म्हणतात; नातेसंबंध हा चौथा. वीस शाळा, नववीचे १७२२ विद्यार्थी, एकवीस पाठ. पाठ आरोग्यशिक्षणाच्या ठरलेल्या तासिकांत बसवलेले होते आणि शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलेले होते. मुलग्यांचे आणि मुलींचे वर्ग वेगळे घेतले गेले. ‘नाही’ कसे म्हणावे हे सांगितले गेलेच, शिवाय ते मोठ्याने म्हणून दाखवण्याचा सराव झाला. तुलनेच्या शाळांतही आरोग्याचा तास होत होता, म्हणजे स्पर्धा रिकाम्या तासाशी नव्हती, नेहमीच्या तासाशी होती.

अडीच वर्षांनंतर जोडीदारावर हात उगारल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या शाळांत ९.८ टक्के, कार्यक्रमाच्या शाळांत ७.४ टक्के होते. शंभरामागे दोन-अडीच मुलांचा हा फरक छोटा वाटेल. पण आकडा फोडून पाहिला की वेगळेच चित्र दिसते. मुलग्यांत ७.१ वरून २.७, आणि मुलींत १२.१ वरून ११.९. सगळा परिणाम मुलग्यांच्या बाजूला! मुलींचे आकडे मुलग्यांपेक्षा जास्त का, असे कोणी विचारील. अशा प्रश्नावल्या ‘मारले का’ एवढेच मोजतात. किती लागले, कोण घाबरले, हे त्यात येत नाही. सरासरी ही सोयीची असली तरी तिच्या पोटात काय आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावर बोलू नये.

२००९-१० साली न्यूयॉर्क शहरात ब्रूस टेलर आणि नॅन स्टाइन यांनी एक चतुर रचना केली. सहावी-सातवीच्या तीस शाळा त्यांनी चार गटांत चिठ्ठीने वाटल्या. एका गटात वर्गात पाठ दिले. दुसऱ्या गटात वर्गात काहीच शिकवले नाही, पण शाळेच्या इमारतीत बदल केले. तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात काही नाही. इमारतीतले बदल म्हणजे काय? मुलांच्या हाती शाळेचा नकाशा दिला आणि कुठे सुरक्षित वाटते, कुठे भीती वाटते ते त्यावर रंगवायला सांगितले. ज्या जागा अनेकांच्या नकाशात धोक्याच्या निघाल्या, तिथे शिक्षकांची ये-जा वाढवली. फलक लावले. एखाद्याकडून त्रास होत असेल तर त्याने अमुक विद्यार्थ्यापासून दूर राहावे, असा लेखी करार शाळेच्या पातळीवर करण्याची सोय केली.

सहा महिन्यांनी लैंगिक त्रासाचे प्रमाण कुठे घटले? जिथे इमारत बदलली तिथे, आणि जिथे दोन्ही केले तिथे. नुसत्या पाठांच्या शाळांत फरक पडला नाही. या सगळ्या इतिहासातला मला सर्वात आवडलेला प्रयोग हाच. नकाशा रंगवायला खर्च येत नाही, बाहेरचा वक्ता लागत नाही, आणि मुलांना ज्याची लाज वाटते ते तोंडाने सांगावेही लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. इथे चाचणीच्या आधी वाद आला. २००५ साली केंद्र शासनाने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला आणि २००७ साली ज्या राज्यांनी तो नाकारला त्यांत महाराष्ट्र होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते याच राज्यात. कार्यक्रमाने मुले बिघडतील असे एक बाजू म्हणत होती, सुधारतील असे दुसरी. दोन्ही विधाने तपासता येण्याजोगी होती, पण तपासण्याची घाई कोणालाच नव्हती.

तपासणी सुरू झाली ती थोड्या वेगळ्या नावाखाली. २००८ ते २०१० या काळात मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत स्त्री-पुरुष समतेचा एक कार्यक्रम झाला; त्यात ‘कोरो’ ही मुंबईची संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था सहभागी होत्या. ज्या शाळांत नुसती मोहीम न राबवता गटचर्चा घेतल्या, तिथे मुलांची मते अधिक बदलली. हरियाणातला प्रयोग याहून मोठा होता. ३१४ सरकारी शाळा, सुमारे चौदा हजार मुले, अडीच वर्षे, दर तीन आठवड्यांनी एक तास. त्यात संशोधकांनी एक सावधगिरी घेतली. काही मुले समोरच्याला बरे वाटेल असेच उत्तर देतात. अशी प्रवृत्ती कोणात किती आहे हे त्यांनी आधीच वेगळ्या प्रश्नांनी मोजून ठेवले, म्हणजे नंतर मत खरेच बदलले की फक्त तोंडपाठ उत्तर मिळाले, याचा अंदाज येईल. बदल खरा निघाला आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही बराचसा टिकला. वागणुकीतला बदल मात्र मुलग्यांत अधिक दिसला. मुलींची मते बदलली तरी त्यांच्या हाती वागण्याचे स्वातंत्र्य कमी होते. हा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला.

मते आणि मारहाण मोजली, पण मनाच्या सुखाचे काय? ते मोजायला गेल्यावर कधी उलटेही घडते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या शाळांत १०७१ किशोरांना भावना सांभाळण्याची आणि नाती हाताळण्याची कौशल्ये आठ आठवडे शिकवली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तुलनागटाशी ताडून पाहता कार्यक्रम संपला तेव्हा मुलांची खिन्नता आणि चिंता वाढलेली होती, आईवडिलांशी नाते बिघडलेले होते; आणि सहा महिन्यांनीही ते नाते पूर्ववत झाले नव्हते. घरी नेमाने सराव करणाऱ्या मुलांचे तुलनेने बरे होते. म्हणजे औषधाप्रमाणे शिकवणुकीलाही दुष्परिणाम असू शकतात, आणि तेही तुलनागट असला तरच दिसतात.

या पार्श्वभूमीवर बिहारमधला ‘सेहर’ हा प्रयोग मुद्दाम सविस्तर पाहावा. गोव्यातील ‘संगत’ या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्थेने तो केला. नालंदा जिल्ह्यातील ७५ माध्यमिक शाळा चिठ्ठीने तीन गटांत वाटल्या, प्रत्येकी पंचवीस. तिन्ही गटांत शासनाचा किशोरवयीन शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम चालू होताच. पहिल्या गटात त्याच्या जोडीला प्रत्येक शाळेत एक ‘सेहर मित्र’ नेमला. हा स्थानिक तरुण पदवीधर असे, मानसशास्त्रज्ञ नव्हे. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकावर सोपवले. तिसऱ्यात जादा काही नाही.

काम काय होते? परिपाठाच्या वेळी ठरलेल्या विषयावर बोलणे, भित्तिपत्रक चालवणे, मुलांचे गट बांधणे, शिक्षेविषयी आणि छळाविषयी शाळेचे धोरण ठरवून घेणे, एक पत्रपेटी लावणे, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. यातले काहीही नवे नाही. आपल्यातल्या अनेकांनी यातली निम्मी कामे केलेली आहेत. नववीच्या तेरा-चौदा हजार मुलांना प्रश्नावल्या दिल्या गेल्या. शाळेत आपलेसे वाटते का, शिक्षकांशी आणि वर्गमित्रांशी नाते कसे आहे, कोणी छळते का, आणि गेल्या दोन आठवड्यांत मन किती उदास होते, हे सारे त्यांत होते.

आठ महिन्यांनी निकाल आला आणि २०१८ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. ‘सेहर मित्र’ असलेल्या शाळांत सगळी मापे सुधारली होती. शाळेचे वातावरण, खिन्नता, दांडगाई, हिंसा, समतेविषयीची मते, सर्व. शिक्षकांनी तेच काम केलेल्या शाळांत तुलनागटाहून काहीही वेगळे आढळले नाही.

हे वाचून वाईट वाटेल, पण घाईने अर्थ काढू नये. ऑन्टारिओतही शिक्षकच होते आणि तिथे परिणाम दिसला होता. तिथे तो विषय त्यांच्या वेळापत्रकात होता. नालंदात तो त्यांच्या अध्यापनावर, परीक्षांवर आणि शासनाच्या इतर कामांवर आणखी एक भार म्हणून आला. मित्राला दुसरे काम नव्हते. शिवाय मला वाटते, पत्रपेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाला ती कोण उघडणार हे महत्त्वाचे असते. गुण देणारा, घरी निरोप पाठवणारा, प्रसंगी छडी उगारणारा हात ती उघडणार असेल, तर पेटी रिकामी राहण्याचीच शक्यता जास्त. काम वाईट केले म्हणून शिक्षक अपयशी ठरले, असे त्या आकड्यांत कुठेही म्हटलेले नाही.

त्याच शाळा सतरा महिन्यांनी पुन्हा तपासल्या आणि २०२० साली तोही अहवाल आला. मित्राच्या शाळांतला फरक ओसरण्याऐवजी वाढला होता. शिक्षकांच्या शाळा अजूनही तुलनागटाच्याच रेषेत होत्या.